गुप्त होणाऱ्याआधी पहारेकरी लिहा

प्रश्न: माझ्या कादंबरीतलं राज्य जुन्या बडोद्यावर बेतलेलं आहे. नायिका हवं तेव्हा गुप्त होते. तिचा गुरू एका जागी नाहीसा होतो आणि दूरच्या गावी प्रकटतो. पण पाचव्या प्रकरणापासून तिला अडवणारं काही उरतच नाही. ती कुठेही शिरते, काहीही ऐकते, कुणालाही सोडवून आणते. या विद्येला नियम कसे घालायचे? आणि गुप्त असताना तिला स्वतःला काय जाणवतं, ते कसं लिहायचं?

उत्तर:

तुमची नायिका कुठे अडत नाही, कारण तिच्या राज्यात बघणारी माणसं अजून नीट लिहिलेलीच नाहीत. गुप्त होणं ही एकट्याने करायची गोष्ट नव्हे, त्याला कुणीतरी बघणारा लागतो. म्हणून नियम त्या बघणाऱ्याच्या बाजूने घाला. देवडीवरचा पहारेकरी, त्याच्या पायाशी बसलेला कुत्रा, ओसरीवर खेळणारं पोर, माडीच्या खिडकीतून रस्ता न्याहाळणारी म्हातारी. यांतल्या कुणाला ती दिसत नाही, का दिसत नाही आणि कुणाला तरीही दिसते, एवढं ठरलं की निम्मं काम झालं. मी बडोद्यात हौशी मराठी नाटकांची प्रकाशयोजना करत आलो आहे, अद्भुत कथा लिहितो आणि लिहिणाऱ्यांसोबत बसून त्यांच्या कथांतली जादू तपासतो. रंगमंचावर माणूस नाहीसा करायचा तर पहिल्यांदा पाहावं लागतं ते प्रेक्षक कुठे बसणार हे. कथेतही मी तिथूनच सुरुवात करतो.

त्याआधी एक गाठ सोडवू. तुमच्याकडे दोन निराळ्या विद्या आहेत आणि तुम्ही त्यांना एकच मंत्र दिला आहे. नायिका जिथे आहे तिथेच असते, फक्त दिसत नाही. तिला भिंत अडवते, गर्दीत तिला धक्का लागतो, आंधळेपणाने फिरवलेली काठीही तिला बसू शकते. गुरू मात्र त्या जागी उरतच नाही. दोघांचे मंत्र वेगळे करा, त्यांचं मोल वेगळं ठेवा, त्यांना घाबरवणाऱ्या गोष्टीही वेगळ्या असू द्या.

आता नायिका. पतंजलींच्या योगसूत्रांत, विभूतिपादात, एक सूत्र आहे: कायरूपसंयमात् तद्ग्राह्यशक्तिस्तम्भे चक्षुःप्रकाशासंप्रयोगेऽन्तर्धानम्। शरीराच्या रूपावर संयम केला, म्हणजे मन पूर्ण एकवटलं, की त्या रूपाची दिसण्याची शक्ती थांबते, डोळ्याचा आणि प्रकाशाचा संयोग होत नाही आणि योगी अंतर्धान पावतो. योगाभ्यासात याचा अर्थ काय ते अभ्यासकांनी सांगावं. कथा लिहिणाऱ्याला मात्र यात जादू घडण्याच्या तीन जागा सापडतात: शरीर, मधला प्रकाश आणि बघणारा. तुमच्या राज्यात ती कुठे घडते हे पहिल्या पानाआधी ठरवा, कारण प्रत्येक जागेच्या अडचणी निराळ्या आहेत आणि कथा त्या अडचणींतच असते.

शरीर पारदर्शक होतं असं धरलं, तर पहिली अडचण हवेची. काच पारदर्शक असूनही हवेत दिसते, कारण प्रकाश तिच्यात शिरताना आणि बाहेर पडताना वळतो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, सुमारे १.५, हवेचा जवळजवळ १. बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवा, ती दिसेनाशी होते, कारण दोघांचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे. पाण्याचा १.३३ आणि शरीरातल्या मऊ पेशींचा त्याहून थोडासाच जास्त, म्हणून पारदर्शक प्राणी समुद्रात पुष्कळ आणि जमिनीवर फारच थोडे. हे तुमच्या कथेत जसंच्या तसं वापरता येईल. तुमच्या राज्यातल्या सूरसागर तलावात उतरली की ती सहज नाहीशी व्हावी, कोरड्या हवेत मात्र तिच्या कडा थरथरताना दिसाव्यात, उन्हात जास्त, तिन्हीसांजेला कमी. पावसात तर थेंब तिच्या खांद्यावर फुटतील आणि ओघळतील. पावसाळ्यात ही विद्या गुप्त राहूच शकत नाही, हा नियम एकदा लिहिलात की आषाढ-श्रावणातली सगळी प्रकरणं आपोआप अवघड होतात.

दुसरी अडचण डोळ्याची, आणि ती मला फार प्रिय आहे. दिसायचं तर दृष्टिपटलाने प्रकाश शोषून घ्यावा लागतो. सगळा प्रकाश आरपार गेला तर डोळ्यात काही उरत नाही, म्हणजे पूर्ण पारदर्शक माणूस पूर्ण आंधळा असतो. निसर्गालाही यातून सुटका मिळालेली नाही. ईल माशांची पिल्लं पानासारखी चपटी आणि नितळ असतात, पण त्यांचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतातच. बडोदेकरांनी तर दुसऱ्या तऱ्हेने का होईना, हेच विश्वामित्रीत पाहिलेलं आहे: अख्खी मगर गढूळ पाण्याखाली आणि वर फक्त डोळे नि नाकपुड्या. तुमच्या नायिकेला बघायचं असेल तर हवेत दोन काळे ठिपके ठेवावेच लागतील. ते लपवायला ती डोळे मिटेल, तर पापण्याही पारदर्शक. मग तिने तोंड भिंतीकडे वळवावं आणि ऐकावं, किंवा बघावं आणि पकडली जाण्याचा धोका पत्करावा. एका कळीच्या प्रसंगात हे दोनच पर्याय तिच्यापुढे ठेवा.

तिसरी अडचण रक्ताची. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले काचबेडूक पानावर झोपतात तेव्हा जास्त पारदर्शक होतात. ते आपल्या लाल रक्तपेशींपैकी सुमारे ८९ टक्के यकृतात साठवून ठेवतात, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजलं. जागे होऊन हालचाल करू लागले की रक्त पुन्हा खेळू लागतं आणि पारदर्शकता कमी होते. यातून एक सुंदर बंधन मिळतं: ती स्थिर असेल तोवरच गुप्त. धावली, घाबरली, चिडली की आधी मान, मग मनगटं तांबूस दिसू लागतात. मग तिला मंत्राइतकंच मनावर ताबा ठेवणंही शिकावं लागेल आणि गुरूच्या शिकवणीला काही अर्थ येईल.

दुसरी जागा प्रकाशाची. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या एका छोट्या नळकांड्याभोवती सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) वळवून नेण्याचा प्रयोग झाला. लहरी वस्तूला वळसा घालून पलीकडे पुन्हा जुळतात, जणू मधे काही नव्हतंच. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी माणसाच्या आकाराचं असं आवरण अजून झालेलं नाही, कथेत ते जादू करू शकते. पण ज्या आवरणाला वळसा घालून प्रकाश जातो, त्याच्या आत तो पोचत नाही. आतला माणूस काळोखात असतो. तिला वाडा पावलांनी पाठ करावा लागेल: देवडीपासून चौकापर्यंत किती पावलं, जिन्याला किती पायऱ्या, कुठली पायरी करकरते. रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा पाहिला नसेल तर जाऊन पाहा. तसल्या लाकडी वाड्यात केवळ आवाजावर आणि स्पर्शावर चालायचं काय असतं ते तिथे उभं राहिल्यावर समजेल.

रंगमंचावरची युक्ती याच जागेची आहे. जाळीच्या पडद्यावर समोरून प्रकाश टाकला की तो भिंतीसारखा दिसतो. समोरचा दिवा उतरवून मागचा चढवला की तीच भिंत विरते आणि मागचा माणूस दिसतो. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी तिरकी काच लावून रंगमंचावर भूत उभं केलं, मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. अशा सगळ्या युक्त्यांमध्ये बघणाऱ्याची जागा पक्की ठरलेली असते. विंगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यांतलं सगळं गुपित दिसतं. म्हणून असाही नियम करता येईल, की ज्या दिशेला तोंड करून मंत्र म्हटला त्याच दिशेने ती दिसत नाही. मग बडोद्याच्या मांडवीसारखी जागा तिच्यासाठी सगळ्यात वाईट. चारी बाजूंनी उघडी, चार दरवाज्यांकडून येणारे चार रस्ते, आणि मधे ती.

आता तिसरी जागा, बघणाऱ्याचं मन. तुमच्या कथेला हीच शोभेल असं माझं स्पष्ट मत आहे. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात नळ देवांचा दूत म्हणून दमयंतीच्या महालात जातो. पहाऱ्यातून आत शिरताना त्याला कुणी पाहत नाही, कुणी अडवत नाही. आत गेल्यावर मात्र दमयंती आणि तिच्या सख्या त्याला व्यवस्थित पाहतात आणि थक्क होतात. म्हणजे नळाचं शरीर जसंच्या तसं आहे, प्रकाशही आहे, फक्त ज्यांनी अडवायचं त्यांच्या लेखी तो नाही. अशा जादूत कपड्यांचा प्रश्न येत नाही, डोळ्यांचा येत नाही, हातातल्या कंदिलाचाही येत नाही. प्रश्न येतो तो माणसांचा, आणि कादंबरीला तोच हवा असतो.

हे मनाचं गुप्त होणं जादूविनाही घडतं. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक चित्रफीत दाखवून लोकांना चेंडूच्या फेका मोजायला सांगितलं. मधूनच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती येऊन, छाती बडवून गेली. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. तुम्ही यातल्या उरलेल्या निम्म्यांकडेही लक्ष द्या. त्यांना ती दिसली. तुमच्या देवडीवर दहा शिपाई असतील तर त्या सगळ्यांची मनं सारखीच वळतील असं धरू नका. जो माणसं मोजत बसला आहे त्याला ती दिसणार नाही. ज्याला काहीच काम नाही आणि कंटाळा आलाय त्याला दिसेल. लहान मुलाला दिसेल, कारण इथे कुणी नसतं हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही. कुत्र्याला तर वासाने कळेलच. आणि जो तिचीच वाट पाहत जागा आहे, त्याच्यापुढे ही विद्या चालूच नये. तिच्यावर जीव असणारा माणूस आणि तिचा सगळ्यात कडवा वैरी, हे दोघेच तिला कायम बघू शकतात, असा नियम झाला तर तुमच्या कादंबरीला कणा मिळेल.

इंद्रजिताला हे ठाऊक होतं असं रामायण वाचताना वाटतं. तो आकाशात गुप्त राहून लढतो, तेव्हा वानरांना फक्त बाण दिसतात. लंकेतल्या निकुंभिला या जागी होम करायला जाण्याआधी तो मायेची सीता सगळ्यांसमोर मारतो आणि सेना शोकात बुडालेली असताना निघून जातो. नाहीसं व्हायचं तर लोकांना दुसरीकडे बघायला काहीतरी द्यावं लागतं, आणि ते जितकं क्रूर तितकं परिणामकारक. तुमची नायिका लोकांना बघायला काय देणार, याचा नैतिक भार तिच्यावर टाका. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात काढली. बडोद्यात राहून हे युद्धकांड मुळातून न वाचणं म्हणजे मोठा ठेवा हातचा घालवणं.

योगसूत्रांच्या काही पाठांत पुढे असंही येतं, की याचप्रमाणे शब्द वगैरेंचं अंतर्धान समजावं. म्हणजे रूप लपलं तरी आवाज, वास, स्पर्श वेगळे लपवावे लागतात. हे चार स्वतंत्र अभ्यास ठेवा आणि नायिकेला सगळे देऊ नका. दुर्योधन द्वैपायन सरोवराचं पाणी मायेने थिजवून आत लपला होता. त्याला कुणी पाहिलं नाही. अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा काठावर येऊन त्याच्याशी बोलले आणि भीमाला मांस पुरवणाऱ्या पारध्यांनी ते बोलणं ऐकलं. पुढचं गदायुद्ध त्यातून घडलं. तुमच्या कथेतही नायिका दिसल्यामुळे पकडली जाऊ नये. शिंक, हिंग-फोडणीचा केसांना लागलेला वास, सारवलेल्या अंगणात उमटलेलं पाऊल, पायाखालची रांगोळी, यांतल्या एखाद्या गोष्टीने पकडली जावी.

मोलाबद्दल. नुसता थकवा हे मोल नव्हे, वाचक त्यावर विश्वास ठेवत नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात गुप्त होण्याचे प्रयोग दिले आहेत. त्यांतला एक असा: तीन रात्री उपास करायचा, पुष्य नक्षत्रावर शस्त्राने मारल्या गेलेल्या किंवा सुळावर दिलेल्या माणसाच्या कवटीत माती भरून जव पेरायचे, मेंढीचं दूध शिंपायचं, आणि त्या अंकुरांची माळ घालून निघायचं. मग माणूस ‘नष्टच्छायारूप’ होऊन फिरतो, म्हणजे रूपासोबत सावलीही जाते. प्रत्यक्षात यातून काही व्हायचं नाही, पण रचना किती पक्की आहे बघा. दिवस ठरलेला, त्यामुळे घाईने गुप्त होता येत नाही. साहित्य भयंकर, त्यामुळे ते मिळवणं हीच एक कथा. आणि माळ कोवळ्या अंकुरांची. ती सुकली की जादू संपली, हा भाग तुम्ही स्वतः जोडू शकता. वैशाखातल्या बडोद्यात तशी माळ किती वेळ तग धरेल याचा विचार केलात की तुमच्या प्रसंगाला घड्याळ मिळेल.

ज्या राज्यात ही विद्या शेकडो वर्षं माहीत आहे, तिथे तिच्यावरचे उपायही रुळलेले असणार. महाभारतातल्या रामोपाख्यानात कुबेर रामाकडे पाणी पाठवतो. त्याने डोळे धुतले की गुप्त असलेले जीव दिसतात. तुमच्या राज्यात असं पाणी फक्त खजिन्यात असेल, गरिबांचे उपाय साधे असतील. उंबरठ्यावर रोज रात्री राख पसरायची. दारात घुंगरांच्या माळा टांगायच्या. सावकाराने तिजोरीच्या खोलीत पिठाचा पातळ थर ठेवायचा. लोक हे करताना कारणही विसरले असतील, केवळ रीत म्हणून करत असतील. नायिकेचं पाऊल अशाच एखाद्या विसरलेल्या रीतीवर पडू द्या.

गुरूचं प्रकरण निराळं. तो खरोखर नाहीसा होतो, तेव्हा त्याच्या जागी साधारण ६५ ते ७० लिटरची पोकळी होते आणि हवा ती भरायला धावते. धप्प आवाज येईल, समया फडफडतील. प्रकटताना तेवढीच हवा बाजूला ढकलली जाईल. पण खरी गंमत लांबच्या उडीत आहे. तुमचं जग आपल्या पृथ्वीसारखं फिरत असेल, तर बडोद्यात उभा असलेला माणूस पृथ्वीसोबत सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. इंदूर बडोद्यापासून अडीच अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे, त्यामुळे तिथली पूर्व दिशा बडोद्याच्या पूर्वेच्या मानाने तेवढी कललेली. गुरू आपला वेग सोबत घेऊन इंदूरला प्रकटला, तर तो ताशी ६५ किलोमीटरहून जास्त वेगाने वर फेकला जाईल आणि जवळजवळ तेवढ्याच वेगाने खाली पडेल. उलट इंदूरहून बडोद्याला आला तर तेवढ्याच वेगाने थेट जमिनीवर आपटेल. एवढ्या वेगाने आपटून म्हातारा माणूस जगत नाही. मग त्याला गावागावांत टप्पे घेत छोट्या उड्या माराव्या लागतील, किंवा जाताना-येताना खोल तळ्यात उतरावं लागेल आणि तरीही दुखापत होईलच. पळणंही अवघड आणि घरी परतणंही अवघड, असा गुरू मला वाचायला आवडेल.

त्याच्या नाहीसं होण्याच्या क्षणाबद्दल रंगभूमीकडून एक गोष्ट घ्या. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये जादूगार ब्यूआतिए द कोल्टा यांनी वर्तमानपत्रावर ठेवलेल्या खुर्चीत बाईला बसवून, रेशमी कापड घालून तिला नाहीसं केलं. कापड उडवलं तेव्हा प्रेक्षकांचा श्वास अडकला, पण बाई त्याआधीच खुर्चीतून गेलेली होती. कापडाखाली तिचा नुसता आकार राखलेला होता. माणूस गेला तो क्षण आणि तो गेल्याचं लोकांना समजलं तो क्षण, या दोहोंमध्ये जे अंतर असतं ते जितकं वाढवाल तितकी कथा रंगेल. किल्लेदाराला वाटावं की कैदी मध्यरात्री कोठडीतून नाहीसा झाला. प्रत्यक्षात तो सांजेच्या दिवेलागणीलाच गेलेला असावा, आणि मधल्या वेळात किल्लेदार कुणाशी बोलत बसला होता, हा प्रश्न पुढची दोन प्रकरणं चालवेल.

शेवटी, तिला काय जाणवतं. शरीर पारदर्शक केलंत तर स्वतःचे पाय न दिसता जिना उतरणं तिला पहिले काही दिवस जमणार नाही. हात कुठे आहे हे सांध्यांतून समजतं, पण कडी नेमकी धरायला डोळ्याची मदत लागते. तिची बोटं चाचपडतील, कडी वाजेल. पापण्यांतून उजेड आरपार येत असल्यामुळे तिला दिवसा झोप लागणार नाही. मनाची जादू निवडलीत तर सगळं उलट होतं. तिला स्वतःचं अंग पूर्ण दिसतं, त्यामुळे आपण इतरांना दिसत नाही हे ती सारखी विसरते. समोरून येणारा बाजूला होईल या सवयीने चालते आणि धडकते. आई तिच्याबद्दल शेजारणीशी बोलत असते आणि तिच्या तोंडून ‘अगं आई, तसं नाही’ निघून जातं. पाचवं प्रकरण पुन्हा लिहायला घ्याल तेव्हा मंत्राचं वाक्य बाजूला ठेवा. देवडीवर एक मोजणारा आणि एक कंटाळलेला असे दोन पहारेकरी बसवा, ओसरीवर आईला बसवा, आणि मग नायिकेला दारातून आत आणा.